बर्फावरची निळी सावली

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात क्लोद मोने याचं ‘मॅगपाय’ नावाचं एक चित्र आहे. उंची 89 सेंटिमीटर, रुंदी 130. काटक्या विणून केलेलं शेताचं कुंपण आडवं पसरलं आहे आणि त्याच्या माथ्यावर ताज्या बर्फाचा थर बसला आहे. मागे बर्फाने लदलेली झाडं, पांढऱ्या छपरांची घरं. डावीकडे एक फाटक, त्याच्या वरच्या दांडीवर एक काळा-पांढरा पक्षी. कावळ्याच्या कुळातला, आपल्याकडच्या टकाचोराचा हा युरोपातला भाऊबंद. माणूस एकही नाही. चित्राला नाव पक्ष्याचं मिळालं असलं तरी नजर त्याच्यावर थोडा वेळ टेकते आणि खाली उतरते. कुंपणाच्या अलीकडे, आपल्या बाजूला, बर्फावर कुंपणाची लांब सावली पडली आहे आणि ती सावली चक्क निळी आहे.

हिवाळ्याच्या निसर्गचित्रांबद्दल मला जे सांगायचं आहे, ते बहुतेक सगळं या निळ्या पट्ट्यात आहे. बर्फ रंगवायला बसलेला चित्रकार खरं तर उजेड रंगवत असतो. थंडी, शांतता, आनंद, धास्ती असं जे काही आपल्याला चित्रातून जाणवतं, ते तो उजेड कुठून येतो यावर ठरतं.

बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, पण तीच कुटून बारीक केली की पांढरी होते. बर्फाचंही तसंच आहे. हिमाचा एकेक स्फटिक पारदर्शक असतो. असे असंख्य स्फटिक एकावर एक साचले की प्रकाश त्यांच्या पृष्ठभागांवर पुन्हा पुन्हा वळतो, विखुरतो आणि जवळजवळ जसाच्या तसा परत फिरतो. नुकताच पडलेला कोरडा बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के प्रकाश परत पाठवतो. माती आणि पानं दृश्य प्रकाशाचा बराच मोठा भाग गिळून टाकतात आणि उरलेल्यावर आपल्या रंगाची मोहर उठवतात. बर्फ असं काही करत नाही. त्याच्यावर जसा प्रकाश पडेल तसा तो दिसतो.

आता उघड्या आभाळाखालचा हिवाळ्याचा दिवस घ्या. जमिनीवर दोन ठिकाणांहून प्रकाश येतो, एक थेट सूर्याकडून आणि दुसरा सगळ्या आभाळातून. जिथे ऊन आहे तिथे सूर्याचा प्रकाश इतका जोरकस असतो की आभाळाचा वाटा लक्षातच येत नाही. कुंपणाने सूर्य अडवला की त्या पट्ट्यावर फक्त आभाळाचा प्रकाश उरतो, आणि आभाळ निळं आहे. हवेचे रेणू लांब लहरींच्या तांबड्या प्रकाशापेक्षा आखूड लहरींचा निळा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात, म्हणून ते निळं. हे गणित इंग्रज शास्त्रज्ञ जॉन स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅले, यांनी 1871 साली मांडलं. मोनेचं चित्र 1868-69 च्या हिवाळ्यातलं आहे. आभाळ निळं का, याचा हिशेब कागदावर येण्याआधी त्या निळ्याचं बर्फावर काय होतं ते कॅनव्हासवर येऊन गेलं होतं.

मोने तेव्हा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एत्रता गावात राहत होता. हे गाव 49 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. ऐन हिवाळ्यात तिथला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर चढतो. त्यामुळे एखाद्या वस्तूची दुपारची सावलीसुद्धा तिच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. शिवाय एवढा तिरपा येणारा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून वाट काढतो, वाटेत त्याचा निळा भाग गळत जातो आणि पोचतो तो पिवळसर होऊन. म्हणजे एकीकडे पिवळं ऊन, दुसरीकडे निळी सावली आणि दोन्ही लांबच लांब. उत्तरेकडच्या हिवाळ्याने चित्रकारापुढे ठेवलेली ही जोडी आहे. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने उष्ण रंगसंगती आणि शीत रंगसंगती वहीत वेगवेगळी रंगवलेली असते. तिथे ती दोन्ही एकाच पांढऱ्या जमिनीवर शेजारी शेजारी पडलेली असतात.

मग ही निळाई आधीच्या चित्रकारांना दिसत नव्हती का? दिसत होती आणि नव्हतीही. आपले डोळे आणि मेंदू मिळून सतत एक दुरुस्ती करत असतात. पांढरा सदरा दिव्याच्या पिवळ्या उजेडात असो की सावलीत, आपल्याला तो पांढराच वाटतो, कारण भोवतालच्या प्रकाशाचा रंग मेंदू वजा करून टाकतो. रोजच्या जगण्याला ही सोय फार मोलाची आहे, चित्रकाराला ती आडवी येते. बर्फ पांढरा आहे हे माहीत असलेला माणूस सावलीतला बर्फही पांढराच पाहतो, फार तर मळका पांढरा. कॅमेऱ्यात रंगीत फिल्म घालून बर्फाचे फोटो काढणारे लोक छापून आलेल्या निळ्या सावल्या पाहून चकित होत ते यामुळेच. फिल्मला वजाबाकी येत नव्हती.

काही माणसांनी मात्र ही वजाबाकी थांबवून पाहिलं. गटे हा जर्मन कवी त्यांतला एक. रंगांवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1810 साली आला. त्यात हिवाळ्यात हार्झ पर्वतरांगेतल्या ब्रोकेन शिखरावरून उतरतानाचा एक अनुभव आहे. दिवसा पिवळसर झाक असलेल्या बर्फावर सावल्या जांभळट दिसत होत्या. ऊन जसं पिवळं होत गेलं तशा त्या निळ्या झाल्या, आणि मावळत्या सूर्याने सगळा डोंगर लालभडक केला तेव्हा सावल्या हिरव्या झाल्या. हा शेवटचा हिरवा आभाळातून आलेला नाही, तो डोळ्यातला आहे. एका रंगाने नजर भरून गेली की शेजारच्या फिक्या जागेवर डोळा त्याचा विरोधी रंग चढवतो.

गटेने सांगितलेला याच जातीचा एक प्रयोग घरी करता येतो. दिवेलागणीच्या वेळी खिडकीजवळ पांढरा कागद ठेवायचा, बाजूला मेणबत्ती लावायची आणि कागदावर पेन्सिल उभी धरायची. बाहेरचा उजेड आणि मेणबत्तीचा उजेड साधारण तोलाचे झाले की पेन्सिलीच्या दोन सावल्या दिसतात. जिथे मेणबत्तीचा प्रकाश अडला, ती सावली निळी दिसते. जिथे खिडकीचा अडला, ती पिवळी-नारिंगी. हे एकदा पाहिलं की ‘मॅगपाय’मधली निळाई चित्रकाराची हौस होती अशी शंका राहत नाही.

शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, याचा नीट अभ्यास फ्रान्समध्येच झाला होता. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काही रंगलेले धागे फिके, मेलेले दिसतात अशी तक्रार आली तेव्हा तपासाअंती त्याच्या लक्षात आलं की दोष रंगाईत नाही, शेजारच्या धाग्याच्या रंगात आहे. 1839 साली त्याने या विषयावरचं आपलं पुस्तक छापलं. पिवळ्याशेजारी निळा-जांभळा अधिक खुलतो, नारिंगीशेजारी निळा पेटतो. बर्फाच्या चित्रात हे दोन्ही एकदम कामाला येतं: आभाळाने सावलीला निळं केलेलंच असतं आणि उन्हाचा पिवळा त्या निळ्याला आणखी वर उचलतो.

पण हा उजेड रंगांनी उतरवण्यात एक मोठी अडचण आहे. पांढरा रंग कितीही शुभ्र असला तरी तो पडलेल्या प्रकाशाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपासच परत देतो, आणि काळा रंगही तीन-चार टक्के देतोच. म्हणजे चित्रातल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या जागेत फार तर पंचवीस-तीस पटींचा फरक पडू शकतो. बाहेर, उन्हातला बर्फ आणि झाडाच्या ढोलीतला अंधार यांत याच्या कितीतरी पट अंतर असतं. शिवाय चित्र टांगलेलं असतं संग्रहालयातल्या मंद उजेडात. बर्फाचं डोळे दिपवणारं तेज कॅनव्हासवर उतरवणं रंगांच्या आवाक्यातलंच नाही. मग जो फरक उजळपणाने दाखवता येत नाही तो रंगाने दाखवायचा. ऊन म्हणजे ‘जास्त पांढरं’ असं न करता ते किंचित पिवळं, गुलाबी, सायीच्या रंगाचं करायचं. सावली काळी करण्याऐवजी निळी करायची. डोळा या रंगफरकाचा अर्थ प्रकाशाचा फरक असा लावतो. ‘मॅगपाय’मध्ये निर्भेळ पांढरा शोधत गेलात तर फार थोडा सापडेल, तरीही सगळं चित्र उन्हाने भरलेलं वाटतं.

हे करायला निळा रंग हातात हवा, आणि तो सढळ हवा. जुन्या काळी अस्सल निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. तो इतका महाग की बर्फाच्या सावल्यांवर उधळण्याचा विचारही कोणी करू नये. फ्रान्समध्ये तेनारने 1802 साली कोबाल्ट निळा तयार केला. ज्याँ-बाप्तिस्त गिमे याने कारखान्यात बनणारा अल्ट्रामरीन, म्हणजे लाजवर्दाचाच निळा, शोधला आणि त्यासाठी 1828 साली त्याला इनाम मिळालं. पुढे 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगासाठी कथलाची दाबता येणारी ट्यूब काढली, तेव्हा तेलरंग झोळीत टाकून शेतात जाणं सोपं झालं. प्रतिभेचं श्रेय प्रतिभेला द्यावं, पण या तीन शोधांचंही त्या निळ्या सावलीत देणं आहे, आणि मला ते कमी वाटत नाही.

थंडीत बाहेर उभं राहून काम करणं किती कठीण असेल? ल हाव्रच्या एका वृत्तपत्रात 1868 साली आलेल्या लेखात मोनेचं वर्णन आहे: आधी बर्फात पाय शेकायची शेगडी दिसली, मग चित्राची घोडी, मग तीन ओव्हरकोट आणि हातमोजे चढवलेला, थंडीने चेहरा गोठत आलेला माणूस.

‘मॅगपाय’ 1869 च्या सलों या पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी नाकारलं. तेव्हाची मान्य निसर्गचित्रं तपकिरी सावल्यांवर उभी असत. त्यांच्या रांगेत हे चित्र किती परकं वाटलं असेल याची कल्पना करता येते. पुढच्या दशकात मोने आणि त्याचे सोबती दृक्‌प्रत्ययवादी म्हणून ओळखले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या निळ्या-जांभळ्या ओढीला काही समीक्षकांनी डोळ्यांचा आजारच ठरवलं.

आता पूर्ण दुसऱ्या टोकाला जाऊ. व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात पीटर ब्रूगेलचं ‘बर्फातले शिकारी’ आहे. साल 1565. अँटवर्पचा श्रीमंत व्यापारी नीक्लास योंगेलिंक याच्यासाठी ब्रूगेलने वर्षभराच्या ऋतूंची मालिका लाकडी फळ्यांवर रंगवली, तिच्यातल्या उरलेल्या पाच चित्रांपैकी हे एक. तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून टेकडी उतरत आहेत. सोबत थकलेली कुत्री, शिकार म्हणून खांद्यावर लटकलेला एकुलता एक कोल्हा. खाली गोठलेल्या तळ्यांवर मुंगीएवढी माणसं घसरत खेळताहेत. दूरवर टोकदार डोंगर आहेत. नेदरलँड्सच्या सपाट मुलखात असे डोंगर नाहीत, ते ब्रूगेलने इटलीच्या प्रवासात आल्प्स ओलांडताना पाहिले होते.

या चित्रात ऊन नाही, आणि म्हणून पडछायाही नाहीत. झाडांच्या बुंध्यांपाशी शोधा, शिकाऱ्यांच्या पायांशी शोधा, निळी सावली सापडणार नाही. सूर्य ढगांमागे गेला की प्रकाश सगळ्या आभाळातून सारखा झिरपतो आणि कोणतीही वस्तू त्याला ठळकपणे अडवू शकत नाही. मग आकार कळावेत कसे? ब्रूगेलने ते गडद आकृत्यांनी कळवले. झाडं, माणसं, कुत्री, पक्षी हे सगळं फिकट पांढऱ्यावर कापून ठेवल्यासारखं.

यातलं आभाळ नीट पाहण्यासारखं आहे. ते हिरवट-राखाडी आहे आणि बर्फापेक्षा गडद आहे. एरवी निसर्गचित्रात आभाळ उजळ आणि जमीन काळपट असते. बर्फ पडला की हा क्रम उलटू शकतो. पूर्ण ढगाळ दिवशी आभाळ डोक्यावर सर्वांत उजळ आणि क्षितिजाकडे बरंच मंद असतं. जमिनीवरचा बर्फ त्या वरच्या उजळ भागाचा प्रकाश घेऊन परत पाठवतो, त्यामुळे क्षितिजालगतच्या आभाळाहून तो उजळ दिसतो. उजेड खालून वर येतो आहे असं वाटू लागतं. आपल्या शरीराला उजेड वरून येण्याची सवय आहे. ही अदलाबदल नेमकी कळत नाही, पण जाणवते, आणि चित्रातल्या अस्वस्थपणाचा मोठा भाग तिच्यातून येतो असं मला वाटतं.

ब्रूगेलने दुसरी एक गोष्ट केली: तळ्यांवरच्या बर्फाला त्याने आभाळाचाच हिरवट रंग दिला. वर तोच, खाली तोच. मधली पांढरी जमीन या दोन गार पत्र्यांमध्ये दाबल्यासारखी होते. आणि मग डाव्या कोपऱ्यात, खानावळीबाहेर, जाळ. तिथे डुकराचे केस जाळण्याचं काम चाललं आहे आणि नारिंगी ज्वाळा वाऱ्याने तिरप्या झाल्या आहेत. मोठ्या चित्रात ही जागा तळहाताएवढी, पण चित्रातली जवळजवळ सगळी ऊब तिथे साठवली आहे. शिकारी तिच्याकडे पाहतही नाहीत. चित्रात थंडी वाढवायची तर निळा आणखी ओतून उपयोग होत नाही; उबेचा एक ठिपका ठेवावा लागतो, आणि तो माणसापासून थोडा दूर ठेवावा लागतो. ब्रूगेलला हे शेव्रलच्या पुस्तकाआधी पावणेतीनशे वर्षं ठाऊक होतं.

‘मॅगपाय’ याच्या शेजारी ठेवलं तर ते थंड असूनही प्रसन्न का वाटतं हे कळतं. तिथे ऊब एका कोपऱ्यात कोंडलेली नाही, ती उन्हातून सगळीकडे पसरली आहे आणि निळ्याशी तिचा तोल जमला आहे. सर्वांत गडद जागा म्हणजे तो पक्षी. बोटाने त्याला झाकून पाहिलं तर सगळं चित्र सैल पडतं. त्याच्या काळ्या पिसांमुळे भोवतीचे फिके रंग उजळतात. आणखी एक, बसलेला पक्षी कोणत्याही क्षणी उडेल, म्हणून भोवतालची निश्चलता जाणवते. ताजा बर्फ हवेने भरलेला, सच्छिद्र असतो आणि आवाज शोषून घेतो. ज्यांनी बर्फ पडल्यावरची सकाळ अनुभवली आहे त्यांना ती शांतता माहीत असते, आणि मोनेने ती कानाऐवजी डोळ्याला ऐकवली आहे.

चित्रातली ही प्रसन्नता मोनेच्या आयुष्याशी जोडण्याचा मोह होतो. 1868 च्या जूनमध्ये पैशाच्या विवंचनेने तो इतका खचला होता की आपण पाण्यात उडी घेतली असं त्याने मित्र बाझीय याला कळवलं. त्याच वर्षी गोदिबेर या आश्रयदात्याची मदत मिळाली, एत्रताला घर मिळालं, त्याची सहचरी कामीय आणि छोटा मुलगा ज्याँ सोबत आले. डिसेंबरच्या पत्रात तो समाधानी आहे. इथला निसर्ग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच अधिक सुंदर असेल, असं म्हणतो. इथवर चित्र आणि चरित्र जुळतं. पण अकरा वर्षांनी, सप्टेंबर 1879 मध्ये, वेथय इथे कामीय वारली, पाठोपाठ आलेल्या कडाक्याच्या थंडीत सेन नदी गोठली आणि जानेवारी 1880 मध्ये तो बर्फ फुटून वाहू लागला. मोनेने त्याची अनेक चित्रं काढली. त्यांतली काही करडी आणि सुन्न आहेत, तर काहींत गुलाबी-जांभळा उजेड असा खेळतो की दुःख कुठे शोधावं कळत नाही. मला वाटतं, तो त्या दिवशीच्या उजेडाशी प्रामाणिक राहिला. आपण चित्रकाराचं दुःख रंगात शोधत बसलो तर आभाळ त्या दिवशी कसं होतं हे पाहायचं राहून जातं.

बर्फाची सर्वांत काटकसरी युक्ती मात्र जपानची. हिरोशिगेने 1830 च्या दशकात तोकाइदो मार्गावरच्या मुक्कामांची ठसाचित्रं केली. त्यातल्या ‘कांबारा’मध्ये रात्रीच्या बर्फात तीन माणसं वाकून चालली आहेत. इथला बर्फ म्हणजे न छापलेला कागद. बर्फ रंगवलाच नाही; काळ्या-राखाडी आभाळाची छटा ठशावर हाताने पुसत पुसत उतरवली आणि कोऱ्या कागदाला बर्फ व्हायला लावलं. गंमत म्हणजे कांबारा हे किनाऱ्यावरचं उबदार गाव. तिथे असा दाट बर्फ सहसा पडत नाही. हिरोशिगेने तो मनाने पाडला.

मोनेकडे जपानी ठसाचित्रांचा मोठा संग्रह होता. 1895 च्या हिवाळ्यात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तो नॉर्वेला गेला आणि सांडवीका गावाजवळ सुमारे दोन महिने राहिला. तिथल्या कोल्सोस डोंगराने त्याला फुजी पर्वताची आठवण करून दिली, तसं त्याने पत्रात लिहिलंही. त्या एकाच डोंगराची त्याने डझनभर चित्रं केली: कधी निळा, कधी गुलाबी, कधी ढगांत अर्धा विरलेला. पाया तोच, चढ तोच, बर्फही बहुधा तोच. फक्त तास वेगळा.